विषय: चार केगचा फ्रीझर, सिलिंडर आत की बाहेर? (तातडीचं)

प्रेषक: अभिजित (जुळे सोलापूर)

मंडळी,

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन मे महिन्यात, घरीच, अंगणात. पाहुण्यांना बाटल्यांतली पेयं द्यायची नाहीत हे आईनं ठरवलंय, त्यामुळे ते चार नळांचं काम आता करायचंच: फ्रीझरमध्ये केग (पेय दाबाखाली साठवायच्या स्टीलच्या टाक्या) आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं नळातून फसफसतं पेय. आलं-लिंबू, कोकम, जिरा आणि साधा सोडा. बिअरचा विषय नाही, आधीच सांगतो.

आडवा फ्रीझर मिळाला, बंद झालेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला, ३०० लिटरचा. शेखरदादानं सांगितल्याप्रमाणे केगच्या मापाच्या, पुठ्ठ्याच्या २२ सेंटिमीटरच्या चकत्या कापून तळाशी मांडल्या. चार केग बसतात. पण मग ५ किलोच्या सिलिंडरला जागा नाही. कॉम्प्रेसरच्या उंचवट्यावर ठेवला तर झाकण लागत नाही. सिलिंडर गॅलरीत ठेवून नळी आत घेतली तर चालेल का? सुतार उद्या येतोय, कॉलरला (फ्रीझर आणि झाकणाच्या मधल्या लाकडी चौकटीला) भोकं कुठे पाडायची ते त्याला सांगायचंय. सगळा खर्च ४० हजारांच्या आत बसवायचाय.

अभिजित

---

प्रेषक: शेखर

अभिजित, फ्रीझरच्या बाजूला ड्रिल अजिबात लावू नकोस. आडव्या फ्रीझरच्या भिंतींतून थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. एक भोक चुकलं की फ्रीझर भंगारात. म्हणूनच लाकडाची कॉलर करायची, नळ आणि गॅसची नळी दोन्ही तिच्यातूनच. आतून थर्माकोल, सांध्यांना सिलिकॉन.

नळ स्टेनलेस स्टीलचेच घे. पितळेवर क्रोम चढवलेले स्वस्त मिळतात, पण लिंबू, कोकम आणि सोड्याचं पाणी तिन्ही आम्ल. मुलामा गेला की तांबं पेयात उतरतं. पैसे वाचवायचे तर सध्या दोनच नळ लाव आणि उरलेल्या दोन केगना प्लास्टिकचा पिकनिक टॅप (नळीच्या टोकाला लावून हातात धरायचा साधा नळ). पण धातूत तडजोड नको.

आणि केगपासून नळापर्यंतच्या नळीची लांबी. बिअरला ३ अंशांवर १०-१२ पीएसआय (दाबाचं एकक) दाब पुरतो आणि ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची ३ मीटर नळी चालते. सोड्याला ३० पीएसआय लागतो. तिथे ३ मीटर नळी लावलीस तर ग्लासात नुसता फेस. प्रत्येक नळाला ६-७ मीटर नळी घे, वेटोळं करून केगच्या डोक्यावर ठेव. मागच्या गणपतीला इथे अमेरिकेत आपल्या मंडळात जे फेसाचं झालं ते याचमुळे, हे मी तेव्हाही सांगत होतो.

गॅलरीचं चालेल असं वाटतं. मंडळाच्या केग माझ्याकडेच आहेत, डिसेंबरात सोलापूरला येतोय, त्यातल्या दोन आणू का?

शेखर

---

प्रेषक: मीना

शेखर, त्या दोन केग मंडळाच्या आहेत. खरेदी कार्यकारिणीच्या ठरावानं झाली, नोंद माझ्या वहीत आहे. त्या तुमच्या गॅरेजमध्ये असतात कारण तिथे जागा आहे, एवढंच. अभिजितला द्यायला माझी अजिबात हरकत नाही, पण आधी विचारायला हवं. शिवाय कार्य मे महिन्यात आहे आणि तुम्ही डिसेंबरात जाताय.

अभिजित, जिऱ्याच्या पेयात मीठ केगमध्ये घालू नकोस. खारट आणि आंबट पाणी आठवडाभर स्टीलमध्ये राहिलं तर बारीक खड्डे पडतात. मीठ ग्लासात घाल, तिथे फसफसतंही छान. आलं आणि जिरं मलमलच्या कापडातून दोनदा गाळ. गाळ राहिला तर केगच्या तोंडाची झडप अडकते आणि भर कार्यक्रमात केग उघडावी लागते. आल्याची नळी कायम आल्यालाच ठेव. तो वास रबरी गास्केटमधून जात नाही.

काकांना नमस्कार सांग.

मीना

---

प्रेषक: प्रसाद

गॅलरीत ठेवू नका. मी रोज दाबाखालच्या वायूंमध्येच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. २१ अंशांला दाब सुमारे ५८ बार (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय), फ्रीझरमधल्या ३ अंशांला सुमारे ३७. पण ३१.१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही. त्यापुढे दाब किती चढेल हे सिलिंडर किती भरलाय त्यावर ठरतं, आणि तो वेगानं चढतो. मे महिन्यात सोलापूरच्या सावलीतच ४२-४३ असतं. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तीनला पत्रा किती तापेल याचा विचार करा. थोडा जास्त भरलेला सिलिंडर असेल तर सुरक्षा चकती फुटेल आणि सगळा गॅस एका दमात बाहेर येईल.

आता घराच्या आत. ५ किलो गॅस म्हणजे जवळजवळ पावणेतीन घनमीटर. १० बाय १० ची, १० फूट उंच खोली सुमारे २८ घनमीटरची. बंद खोलीत सगळा गळला तर हवेत दहा टक्क्यांच्या आसपास, त्यात माणूस बेशुद्ध पडतो. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. काका-काकू उन्हाळ्यात जमिनीवर गादी घालून झोपतात हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

फ्रीझर झोपायच्या खोलीजवळ नको. गॅस भरला की प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसला की घट्ट करा. पेयात गॅस मुरला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, वाढताना उघडा.

आणि शेखरदादा, तिकडून रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करणारा) नेऊ नका. आपल्या इथला, अमेरिकेतला, सीजीए-३२० मापाच्या आट्यांचा असतो, भारतातल्या व्हॉल्व्हला बसणार नाही. तापमानाचा ११० व्होल्टचा कंट्रोलरही तिथे उपयोगाचा नाही.

प्रसाद

---

प्रेषक: शेखर

प्रसाद, रेग्युलेटर नेतो असं मी म्हणालोच नव्हतो. केग म्हणालो होतो. मीनाताई, विचारतोय: दोन केग पुढच्या वर्षी अभिजितकडे ठेवायच्या का?

बाकी ५ किलोचा सिलिंडर कशाला? १९ लिटरच्या एका केगमध्ये सोड्याइतका गॅस मुरवायला सुमारे १५० ग्रॅम लागतो, ३० पीएसआयवर ती रिकामी करायला आणखी शंभर-सव्वाशे. चार केगना एक किलोच्या आसपास. २ किलोचा सिलिंडर घे, उंचवट्यावर बसेल. गळलाच तर धोका निम्म्याहून कमी.

---

प्रेषक: नाना (मुरारजी पेठ)

शेखर म्हणतो ते बरोबर. मी अमेरिकेतून इथे परत येऊन बरीच वर्षं झाली, म्हणून इथल्या गोष्टी सांगतो.

अभिजित, तुमच्या घराला उत्तरेची पडवी आहे, तिथे फ्रीझर ठेव. सावली आहे, हवा खेळती आहे आणि प्रसादची काळजीही मिटते. भिंतीपासून वीतभर लांब ठेव, कारण आडव्या फ्रीझरची उष्णता बाजूंनी बाहेर पडते. स्टॅबिलायझर घेच. लाइट जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसरचा जीव जातो. एसटीसी-१००० नावाचा छोटा कंट्रोलर मिळतो, त्यात कॉम्प्रेसर उशिरा सुरू करायची सोय असते, ती ३ मिनिटांवर ठेव. त्याचा सेन्सर पाण्यानं भरलेल्या बाटलीत सोड. मोकळा ठेवला तर झाकण उघडलं की कॉम्प्रेसर उगाच सुरू होतो.

आत खाली गार आणि वर कोमट राहतं. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा आत लाव, नाहीतर पहिला ग्लास कायम फेसाचा.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, साठवलेलं पाणी केगमध्ये नको. आरओचं भर.

गॅस अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे वेल्डिंगवाल्यांना मिळतो, पण तू खाण्यापिण्याच्या दर्जाचाच माग, लेखी घे. सिलिंडरच्या मानेवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, पाच वर्षांच्या आतली बघ. तुझ्या मेव्हण्यानं ऑफिसातलं जुनं अग्निशामक वापरायचं म्हटलं होतं, ते नको. त्यात तळापर्यंत नळी असते, द्रव थेट रेग्युलेटरमध्ये येतो.

बिअर नाही म्हणालास ते बरं केलंस. तिकडे अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत घरी करता येते, तेच डोक्यात ठेवून इथे कोणी सुरू करू नये. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात परवान्याशिवाय ते बसत नाही. गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या दोघांनी मला हेच विचारलं, म्हणून सगळ्यांसाठी लिहिलं.

---

प्रेषक: मीना

शेखर, लेखी विचारलंत, आभारी आहे. एप्रिलच्या बैठकीत विषय घेते.

नाना, २०० गॅलनचा उल्लेख यादीवर पुन्हा नको. मागच्या पिकनिकनंतर किती मेल आले ते आठवत असेल.

---

प्रेषक: अभिजित

सगळ्यांचे मनापासून आभार. पडवी ठरली. २ किलोचा सिलिंडर मिळतोय, उंचवट्यावर ठेवून पाहिला, ६ इंची कॉलर धरली तर रेग्युलेटरसकट झाकण लागतं. म्हणजे गॅसच्या नळीचं भोकच नको, फक्त नळांची भोकं. स्टीलचे दोन नळ आत्ता, दोन पिकनिक टॅप. केग मात्र चारही इथेच घेतोय, मंडळाच्या केगसाठी थांबत नाही.

एकच राहिलं. पेयात गॅस मुरायला ३० पीएसआयवर किती दिवस धरू? आई पाक आधी करून ठेवायचं म्हणतेय.

---

प्रेषक: शेखर

आठवडा धर. पाक आणि पाणी आधी नीट मिसळून गार कर, मग गॅस लाव. कोमट पाण्यात मुरत नाही. घाई झाली तर गार केग आडवी करून पाच-दहा मिनिटं हलव, पण तो मार्ग फक्त साध्या सोड्याला.

भोकं पाडायच्या आधी सुताराला नळाच्या दांड्याचा व्यास मोजून दे. तो अंदाजानं पाडेल.