कमजोर पट्ट्याला खत जास्त द्यायचं की कमी? (नकाशावाल्या शेतीवर माझा राग)

ढेकूळफोड्या
मंडळी, जरा लांबण लावतोय, डोकं तापलंय म्हणून. दोन हंगामांपूर्वी एका कंपनीकडून (नाव घेत नाही) शेताचा सॅटेलाइट नकाशा करून घेतला. हिरवे, पिवळे, लाल तुकडे, आणि कुठल्या तुकड्यात किती नत्र (नायट्रोजन) टाकायचं त्याची फाइल, ती मशीनला दिली की मशीन आपोआप डोस कमीजास्त करतं. लाल म्हणजे पीक कमजोर, म्हणून तिथे युरिया जास्त. ऐकताना एकदम पटलं हो, उपाशी पोराच्या ताटात जास्त वाढायचं, एवढं सोपं. टाकला. पट्टा लालच. पुढच्या हंगामात त्यांनी तिथला डोस अजून वाढवला, तरी लालच. शेवटी वैतागून कुदळ घेतली आणि खणलं, तर वीतभर खाली खण्णकन आवाज. कडक थर. मुळं तिथवर जाऊन आडवी वळलेली. म्हणजे दोन हंगाम मी गळा आवळलेल्या माणसाला घास भरवत होतो आणि तो जेवत का नाही म्हणून अजून मोठा घास करत होतो.

तर माझं मत असं झालंय की जागेनुसार खत हा बराचसा देखावा आहे. नीट विचार करून सगळीकडे एकच डोस टाका आणि वाचलेले पैसे निचरा, सबसॉइलर (खालचा कडक थर फोडणारं अवजार), सेंद्रिय कर्ब यात घाला. चुकत असेन तर सांगा, फक्त जाहिरातीतली वाक्यं नकोत.

पिक्सेलराव
पण दादा, नकाशाने पट्टा बरोबरच दाखवला की! थर्मामीटरने ताप दाखवला आणि डॉक्टरने भलतंच औषध दिलं तर थर्मामीटर फोडायचा का? निरोगी पान लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, या दोन्हीच्या फरकावरून एनडीव्हीआयचा, म्हणजे पीक किती हिरवंगार आहे त्याचा, आकडा निघतो, त्यावरूनच नकाशाचे रंग, बस एवढंच. नत्र कमी पडलं, पाणी साचलं, कीड लागली, रोपं विरळ उगवली, सगळ्याला आकडा तसाच खाली येतो. तो "इथे काहीतरी बिघडलंय" एवढंच सांगतो, काय बिघडलंय ते सांगत नाही. कुदळ पहिल्या दिवशी मारायची होती, तिसऱ्या हंगामात नाही.

ढेकूळफोड्या
थर्मामीटर विकणाराच औषधाची चिठ्ठी पण देतो, ते कसं विसरता राव? मला नकाशा कोणी नुसता दिलाच नाही, डोससकट दिला.

पिक्सेलराव
हां, हे मान्य.

शंकासूर
मी ढेकूळफोड्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. खत आणि नफा यांचा आलेख काढून बघा, सुरुवातीला चढ असतो, मग माथा येतो, आणि तो माथा टोकदार नसतो, पठारासारखा सपाट असतो. योग्य डोसपेक्षा थोडं वरखाली झालं तरी नफ्यात नावापुरता फरक पडतो. ऑस्ट्रेलियातले अर्थतज्ज्ञ डेव्हिड पॅनेल यांनी २००६ मध्ये हेच मांडलं होतं, की वक्र असा चपटा असेल तर डोस अचूक करण्याच्या तंत्रज्ञानातून मिळणारा फायदाही तेवढाच बारीक. आता सांगा, जिथे १० टक्के इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही तिथे मशीन, नकाशा, वर्गणी, मातीचे शंभर नमुने हे सगळं कशासाठी?

आणि दुसरं, व्हेलन आणि मॅकब्रॅटनी या दोघांनी २००० सालीच म्हटलंय की एका शेतात जागेजागेचा जेवढा फरक असतो त्यापेक्षा वर्षावर्षाचा फरक मोठा असेल तर जोखीम टाळणाऱ्याने सगळीकडे सारखंच टाकावं, आणि याच्या उलट आहे हे ज्याला म्हणायचंय त्याने आधी ते सिद्ध करावं. खोलगट जागेचंच बघा ना. पावसाळी वर्षात तिथे पीक सडतं, कोरड्या वर्षात सगळ्यात भारी उतारा तिथेच. मग कुठल्या वर्षाचा नकाशा खरा धरायचा?

एनपीके_वाली
शंकासूर, अर्धंच सांगितलंत. वक्र चपटा असतो तो माथ्याजवळ. तुमचा सरसकट डोस शेताच्या प्रत्येक कोपऱ्यात माथ्याजवळच पडतोय हे कोणी ठरवलं? एका भागात माथ्याजवळ असेल, दुसऱ्यात चढावर अर्ध्यात, तिसऱ्यात माथा ओलांडून कधीच पलीकडे.

आणि जागेनुसार टाकायचं म्हटलं की सगळे नत्रावरच का भांडतात कळत नाही. सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते) बघा. आम्लधर्मी जमिनीत चुना लागतो तो काही ठिकाणी भरपूर आणि काही ठिकाणी अजिबात नाही, आणि नको तिथे टाकला तर जस्त, लोह पिकाला मिळेनासं होतं. हे आजचं खूळ पण नाही, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्राने १९२९ मध्येच शेतकऱ्यांसाठी पत्रक काढलं होतं की शेतात ठरावीक अंतरावर माती तपासा, आम्लतेचा नकाशा काढा आणि चुना लागेल तिथेच टाका. तेव्हा कुठे आला होता सॅटेलाइट?

आता मूळ प्रश्न, जास्त की कमी. साधा हिशोब धरा. गव्हाच्या दाण्यात ढोबळ २ टक्के नत्र. एका भागात हेक्टरी ४ टन उतारा तर दाण्यातून ८० किलो नत्र बाहेर गेलं, कमजोर भागात २ टन तर ४० किलो. दोन्हीकडे सारखं टाकलंत तर कमजोर भागातलं उरलेलं जाणार कुठे, पाण्याबरोबर खाली झिरपणार किंवा वायू होऊन उडणार. म्हणजे थर फोडेपर्यंत ढेकूळफोड्यांच्या लाल पट्ट्याला कमी द्यायला हवं होतं! स्फुरदाचं (फॉस्फरसचं) तर अजून गमतीशीर आहे. ते हलत नाही, जिथे टाकलं तिथेच बसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं सरसकट टाकत राहिलं की कमी पिकणाऱ्या भागात उचल कमी आणि साठा जास्त. बऱ्याचदा अहवालात वाईट पट्ट्याचंच स्फुरद वर आलेलं दिसतं आणि लोक म्हणतात लॅब चुकली.

स्टिअरिंगवाला
मी मशीन चालवतो, थिअरी तुमची तुम्ही बघा. ताशी १० किमीने चाललो तर सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे जातो. नकाशावर रंग बदलला की कंट्रोलर सांगणार, मोटर फिरणार, खत खाली येणार, यात दोन तीन सेकंद गेले म्हणजे डोस बदलेपर्यंत सहा ते आठ मीटर पुढे निघून गेलेलो असतो. ते आगाऊ सेटिंगने जुळवता येतं पण किती जण जुळवतात? वर डिस्कवालं फेकणी यंत्र वीस वीस मीटर रुंद फेकतं. दहा मीटरचा चौकोन नकाशात ठीक आहे हो, जमिनीवर त्याची सीमारेषा केव्हाच पुसलेली असते.

हार्वेस्टरच्या उताऱ्याच्या नकाशाचंही तेच. दाणे कापणीपासून सेन्सरपर्यंत पोचायला दहा पंधरा सेकंद लागतात, ते वजा केलं नाही तर चांगल्या जागेचं श्रेय शेजारच्या जागेला. सेन्सरही नीट कॅलिब्रेट केलेला पाहिजे.

पण एक गोष्ट हमखास पैसे वाचवते आणि तिच्यावर इथे एक अक्षर नाही. आपोआप बंद होणारे नोझल. तिरप्या बांधाशी वळताना दोन फेऱ्या एकमेकींवर चढतात तिथे डबल डोस पडतो, ते या सिस्टीमने थांबतं. आरटीकेवर (चुका दुरुस्त करणारं जास्त अचूक जीपीएस) दोन तीन सेंटीमीटरची अचूकता मिळते, फेरीला फेरी लागते. यात पिकाचा अंदाज बांधायचा नाही, मातीचं भाकीत करायचं नाही, एकदा फवारलं तिथे परत फवारू नका एवढंच.

शंकासूर
ही एकच गोष्ट पटली मला आत्तापर्यंत 😄

दीड_एकर
सगळे मोठ्या मशीनवाले दिसताय. सेंटिनेल-२ या सॅटेलाइटच्या फोटोतला एक पिक्सेल १० मीटरचा. म्हणजे एकरात साधारण ४० पिक्सेल, आणि त्यातले जवळपास निम्मे कडेचे, ज्यात माझं पीक, बांधावरचं झाड आणि शेजाऱ्याचं शेत सगळं मिसळलेलं. माझ्यासारख्याला त्या नकाशाचा काय उपयोग? ढग आले की तेही नाही.

पण म्हणून जागेनुसार टाकणं माझ्यासाठी नाही हे मात्र मानणार नाही. पश्चिम आफ्रिकेत साहेल पट्ट्यात, नायजर वगैरे देशांत, बाटलीच्या झाकणाने मोजून बाजरी ज्वारीच्या एकेका खड्ड्याला चिमूटभर खत देतात, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने ही पद्धत पसरवली. खत रोपाच्या मुळाशीच, मधल्या रिकाम्या जमिनीला शून्य. याहून प्रिसिजन काय असतं सांगा बरं? भातात पानाचा रंग मिळवून बघायची प्लॅस्टिकची पट्टी असते, फिकट दिसलं तर नत्र, नाहीतर थांबा. ना वीज लागते ना रेंज. आम्ही दोन हातांनी करतो ते "मजुरी" आणि स्क्रीनवर केलं की "स्मार्ट".

पिक्सेलराव
टाळ्या. तरी एक सांगतो, मजुरी स्वस्त असेपर्यंतच झाकण परवडतं. दोनशे हेक्टरवाल्याने झाकण घेऊन फिरायचं का?

दीड_एकर
नको फिरू दे, पण माझ्या पद्धतीला मागास म्हणू नका.

एनपीके_वाली
आणि शंकासूर, तुमचा चपटा माथा दोन्हीकडून चपटा आहे हां. १० टक्के जास्त टाकून नफा बदलत नसेल तर १० टक्के कमी टाकूनही फारसा बदलत नाही. मग कमीच टाका ना! जास्तीच्या नत्रातलं थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन जातं, आयपीसीसी (हवामान बदलावरची आंतरराष्ट्रीय समिती) ढोबळमानाने टाकलेल्या नत्राच्या १ टक्का धरते, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. तुमच्या नफ्याच्या आलेखात विहिरीतलं नायट्रेट कुठे दिसतं?

शंकासूर
विहिरीचा मुद्दा मान्य. पण मग ते "सगळीकडे थोडं कमी टाका" असं झालं, "नकाशा विकत घ्या" असं नाही. आणि पाऊस दगा देईल, पीक पिवळं पडेल या भीतीने माणूस चार किलो जास्तच टाकतो, ती भीती नकाशाने जाणार आहे का?

ढेकूळफोड्या
वाचतोय सगळं. एनपीके ताई, कमी द्यायला हवं होतं हे वाचून जरा लागलं, पण बरोबर आहे, पट्ट्याला हवा होता सबसॉइलर आणि मी भरत होतो युरिया. तरी शंकासूरांचा वर्षावर्षाचा मुद्दा मला सोडत नाही. आता असं करतोय, फाइलबिईल बंद, शेतात उभ्या दोन पट्ट्या आखणार, एक बिना नत्राची आणि एक भरपूर नत्राची, दोन्ही लाल आणि हिरव्या भागातून आरपार जाणाऱ्या. भरपूर नत्राच्या पट्टीत आणि बाजूच्या पिकात जिथे फरकच दिसणार नाही तिथे वरून डोस नाही. नकाशा वापरेन, पण कुदळ कुठे मारायची ते ठरवायला.

स्टिअरिंगवाला
पट्टी निदान दोन फेऱ्यांची रुंद ठेवा, एका फेरीची ठेवलीत तर शेजारच्या फेरीचं खत उडून तुमच्या बिना नत्राच्या पट्टीत पडणार. आणि हार्वेस्टरवाल्याला आधीच सांगा कुठून कुठपर्यंत आहे ते, मागच्या वेळी आमच्याकडे एकाने आख्खी ट्रायल कापून एकाच ट्रॉलीत ओतली होती.

ढेकूळफोड्या
अरे देवा. चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकतो आणि त्यादिवशी स्वतः उभा राहतो.