ऑइल कधी बदलायचं: किलोमीटर की महिने?

भाऊ, इंजिन ऑइल बदलायला गाडीच्या मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर आणि मेकॅनिक म्हणतो पाच हजार, यात खोटं कोणीच नाही. त्याच मॅन्युअलमध्ये पुढे कुठेतरी धूळ, सततच्या छोट्या फेऱ्या, ओझं ओढणं अशा कठीण वापरासाठी लवकर बदला असं बहुधा लिहिलेलं असतं. ते पान कोणी वाचत नाही!

आता आपलं बघा. रावेर-यावलकडचे केळीच्या मळ्यांचे कच्चे रस्ते, मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास पारा. अशा रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला दहा हजारांची वाट बघू नका. उलट रोज जळगाव-धुळे हायवेने एका वेगात धावणारी गाडी, सिंथेटिक ऑइल असेल तर, कंपनीच्या आकड्यापर्यंत बिनघोर जाते.

घर ते दुकान दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उरतं. तिथे किलोमीटर मोजू नका, जास्तीत जास्त वर्षभरात बदला.

डिझेलचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, काजळीने ते लगेच काळं होतं. डिपस्टिकवर, म्हणजे इंजिनमधल्या ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी मात्र बघत जा. आणि ऑइलबरोबर फिल्टरही बदला, तिथे पैसे वाचवणं मला तरी पटत नाही. धुळीच्या भागात एअर फिल्टरसुद्धा.