गिअरबॉक्स उतरवताना: वरचे बोल्ट आणि टॉर्क कन्व्हर्टर

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवताना ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आधी वेगळी काढावी का, असा प्रश्न पडतो. गाडीखाली झोपून काम असेल तर नक्कीच. दोन्ही एकत्र असताना साध्या जॅकवर तोल राहत नाही.

बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडणारा घंटेसारखा भाग) वरच्या बोल्टांना हात पोचत नसेल तर इंजिनाला टेकू देऊन क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार) काढा, गिअरबॉक्सचं शेपूट खाली सोडा आणि लांब एक्स्टेंशन मागून घाला. रेडिएटरचा फॅन त्याच्याभोवतीच्या कव्हरला (श्राउड) टेकत नाही ना, तेवढं बघा.

टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) फ्लेक्सप्लेटवरचे (इंजिनामागची पातळ चकती) बोल्ट त्याआधीच, क्रँक पुली फिरवत एकेक करून काढा. परत बसवताना कन्व्हर्टर फिरवत गिअरबॉक्सच्या आत ढकला, टप्प्याटप्प्याने खट् आवाज येतो. बेलहाउसिंग इंजिनाला हातानेच टेकलं पाहिजे. फट राहिली आणि बोल्ट आवळून ओढलंत, तर गिअरबॉक्सचा तेलाचा पंप गेलाच म्हणून समजा.