बहिणीचा एमबीबीएसला नंबर लागला. पुस्तकं कोणती नवी घ्यावी, कोणती जुनी?

पूर्णाकाठ

सगळ्यांना नमस्कार. आम्ही वसमतकडचे. धाकट्या बहिणीचा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला एमबीबीएसला नंबर लागला. घरात काय, भावकीतही कोणी डॉक्टर नाही, म्हणून इथं विचारतोय.

परवा पुस्तकाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं यादी काढून दिली. अ‍ॅनाटॉमीची दोन वेगळ्या लेखकांची पुस्तकं, वर अ‍ॅटलास, फिजिऑलॉजीची दोन, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, हॅरिसनचे दोन्ही खंड, डिक्शनरी आणि हाडांचा सेट. बेरीज बघून वडील गप्पच बसले. पैसे आहेत, हळदीचे मागं टाकलेले, ते तिच्यासाठीच आहेत. पण फी, होस्टेल, मेस सगळं त्यातूनच भागवायचंय आणि सोयाबीन अजून वावरात उभं आहे.

दुकानदार म्हणतो सीबीएमईची नवीन आवृत्तीच लागते, जुनी कॉलेजात चालत नाही. तिकडं एक सीनियर मुलगा पहिल्या वर्षाचा सेट अर्ध्या किमतीत देतो म्हणतोय, पण आवृत्ती एक मागची आहे. बहीण दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात शिकली. अकरावी-बारावी लातूरला केली. इंग्रजी वाचते, पण वेळ लागतो. तिला पुस्तकात कमी पडू द्यायचं नाही, पण नको तिथं पैसाही घालायचा नाही. काय करावं?

दुधना

भाऊ, एकही पुस्तक घेऊ नका. सगळ्यांच्या पीडीएफ टेलिग्रामवर पडून आहेत. तेवढ्या पैशात टॅब घेऊन द्या. आमच्या बॅचमधले निम्मे असेच शिकतायत.

बालाघाट

भाऊ, आधी तुमच्या बहिणीचं मनापासून अभिनंदन. मी बीड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर आहे. शिकले अंबाजोगाईलाच, आणि माझीही दहावी जिल्हा परिषदेच्या शाळेतली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादीतलं पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी आणि हॅरिसन आज खोडून टाका. पहिल्या वर्षाला मुख्य विषय तीनच: अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. पॅथॉलॉजी, फार्मा, मायक्रोबायोलॉजी दुसऱ्या वर्षाला येतात. आज घेतलं तर वर्षभर कपाटात राहील आणि तोवर नवी आवृत्ती बाजारात आलेली असेल. हॅरिसन मेडिसिनचं आहे. ते एमबीबीएसची मुलं शेवटच्या वर्षाला लायब्ररीत उघडतात, विकत घेतात ते बहुतेक एमडीला गेल्यावर.

सीनियरचा सेट घ्या. बिनधास्त घ्या. माणसाच्या दंडात एकच हाड आहे आणि पुढच्या आवृत्तीतही एकच राहणार. सीबीएमई म्हणजे २०१९ पासून लागू झालेला नवा अभ्यासक्रम. त्यात विद्यार्थ्याला काय काय यायला हवं त्याची विषयवार यादी आहे. तिचे एएन (अ‍ॅनाटॉमी), पीवाय (फिजिऑलॉजी), बीआय (बायोकेमिस्ट्री) असे क्रमांक नव्या आवृत्तीत प्रत्येक धड्याला छापलेले असतात. ती पूर्ण यादी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या वेबसाइटवर फुकट आहे. प्रिंट काढायची आणि पेन्सिलीनं जुन्या पुस्तकात क्रमांक टाकत जायचं. तेवढ्यासाठी नवा सेट घ्यायची गरज नाही.

नव्यासाठी पैसे राखून ठेवा ते दुसऱ्या वर्षापासून. फार्माकॉलॉजी आणि कम्युनिटी मेडिसिन, ज्याला मुलं अजून पीएसएम म्हणतात, हे दोन विषय मागच्या आवृत्तीतून शिकू नयेत. पीएसएमचं ‘पार्क’ हे पुस्तक जबलपूरहून निघतं आणि दर दोनेक वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते. ती उगाच येत नाही. टीबीचंच घ्या. आधी सरकारी कार्यक्रमात गोळ्या आठवड्यातून तीनदा देत, २०१७ पासून देशभर रोज, वजनाप्रमाणे देतात. २०२० मध्ये कार्यक्रमाचं नावसुद्धा बदललं. इंटर्नशिपला माझ्याकडं येणारी काही मुलं अजून ‘आठवड्यातून तीनदा’ म्हणून उत्तर देतात. पुस्तक मागवून बघितलं की कळतं, कोणाच्या तरी मोठ्या भावाचं आहे. शरीराची रचना शिकायला जुनं पुस्तक चालतं, पण ज्या पानावर औषध आणि डोस लिहिलाय ते पान ताजंच लागतं. समोर पेशंट असतो. यात काटकसर करू नका, पाहिजे तर माझ्या नावावर वडिलांना सांगा.

आता कोणतं पुस्तक. एका विषयाला एकच. अ‍ॅनाटॉमीला चौरसिया. ग्वाल्हेरच्या गजराजा मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या सरांनी आपल्याकडच्या मुलांसाठी लिहिलेलं आहे. वाक्यं छोटी, मुद्दे सुटे, आकृती बघून वहीत काढता येते. ‘ग्रेज’ची पहिली आवृत्ती १८५८ ची, मोठा ग्रंथ आहे, पण तो लायब्ररीतच बरा. बायोकेमिस्ट्रीला सत्यनारायण किंवा वासुदेवन, जे सेटमध्ये असेल ते.

फिजिऑलॉजीला मुलं परीक्षेपुरतं ए. के. जैन वाचतात आणि मार्क मिळतातही. तरी माझा आग्रह आहे की गायटन घरात असावं, जुनं का असेना. गायटनना सर्जरी शिकत असताना पोलिओ झाला आणि सर्जन होणं राहून गेलं. मग ते फिजिऑलॉजीकडं वळले. पहिल्या आठ आवृत्त्या त्यांनी एकट्यानं लिहिल्या, त्यामुळं सगळ्या पुस्तकाला एकाच शिक्षकाचा आवाज आहे. ‘असं होतं’ एवढ्यावर थांबत नाहीत, ‘का होतं’ तेही सांगतात. इंग्रजी लांबलचक वाटेल, पण अवघड नाही.

आणि ते ‘का’ कुठं कामाला येतं तेही सांगते. पावसाळ्यात, काढणीच्या दिवसांत आमच्याकडं रात्री साप चावलेला माणूस येतो. कोणता साप, ते अंधारात कोणीच बघितलेलं नसतं. अशा वेळी स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग ट्यूब एकदाच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठायची क्रिया बिघडली आहे, म्हणजे घोणस किंवा फुरशाचं विष समजून चालायचं. गोठलं म्हणून मात्र निर्धास्त व्हायचं नाही. नाग-मण्यारच्या विषात रक्त गोठतं आणि श्वास थांबतो, त्यामुळं पापण्या जड होतात का, मान उचलता येते का, ते बघत राहायचं. आपल्याकडचं सर्पविषावरचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. ट्यूब काचेचीच का? प्लॅस्टिकची का नाही, साबणानं धुतलेली का नाही? काचेचा स्पर्श झाला की रक्तातला ‘फॅक्टर बारा’ नावाचा घटक जागा होतो आणि तिथून गोठायची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकमध्ये ती नीट सुरू होत नाही आणि साबणाचा अंशही ती बिघडवतो. मग चांगलं रक्तही न गोठलेलं दिसतं. हे पहिल्या वर्षाचं, रक्त गोठण्याच्या धड्यातलं ज्ञान आहे. नव्या सिस्टर ट्यूब आणतात तेव्हा मी आधी ती उजेडात धरून बघते.

विंचवाचंही तसंच. तांबड्या विंचवाच्या दंशात प्राझोसिन हे औषध वापरायला लागले ते डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळं. ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. काम केलं कोकणात, महाडला, आणि लेख छापून आले ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात. बाहेरच्या जाड ग्रंथात विंचवाला जागा थोडी असते, कारण तो तिथं रोज दिसत नाही. आपल्या भागातला आजार आपल्याच माणसानं बघून, नोंदी ठेवून पुस्तकात आणला, हे बहिणीला जरूर सांगा.

मराठी माध्यमाचं फार मनावर घेऊ नका. पहिले दोन-तीन महिने एका पानाला अर्धा तास लागेल. लागू द्या. लेक्चर झालं त्याच दिवशी तो भाग वाचायचा, जोडीदारीण धरून मोठ्यानं वाचायचा, आणि आकृती पुस्तक मिटून काढायची. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की आईला हृदयाचे चार कप्पे मराठीत समजावून सांगायला लावा. आईला कळलं तर समजा, तिला आलं.

दुधना, तुम्ही मनापासूनच सांगितलंय, पण मला ते पटत नाही. त्या पीडीएफना कव्हर नसतं, आवृत्ती कोणती ते कळत नाही, आणि लेखकाचे पैसे बुडतात ते वेगळं. झेरॉक्सची तर गोष्टच नको. पॅथॉलॉजीत पेशीचं केंद्रक जांभळं आणि बाजूचा भाग गुलाबी, यावरच सगळी ओळख. झेरॉक्समध्ये दोन्ही राखाडी होतात. मग कॅन्सरची पेशी कोणती आणि साधी कोणती, बघणार कशी? पॅथॉलॉजीचं रॉबिन्स घ्यायचं तेव्हा रंगीत, छापील घ्या. जुनं चालेल.

जुना ग्रंथपाल

मॅडमनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त लायब्ररीचं बोलतो. माझी नोकरी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात गेली.

प्रवेश झाला त्याच आठवड्यात कार्ड काढायला सांगा. मुलं पहिली परीक्षा तोंडावर आली की येतात आणि तोवर चौरसिया, गायटनच्या सगळ्या प्रती गेलेल्या असतात. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी मिळत नाही, पण तिथंच बसून कितीही वेळ वाचता येतं. अ‍ॅटलास त्यासाठीच आहे, विकत घेऊ नका.

दुसरं, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याणची पुस्तक पेढी योजना आहे. एमबीबीएसला दोन विद्यार्थ्यांत एक संच मिळतो. तुम्हाला लागू नसेल तर बहिणीच्या वर्गातल्या कोणाला सांगा. कितीतरी मुलांना तिसऱ्या वर्षाला गेल्यावर कळतं, आणि तोपर्यंत घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. मला याचं फार वाईट वाटायचं. कॉलेजच्या विद्यार्थी विभागात चौकशी करायची, लाजायचं नाही.

पूर्णाकाठ

बालाघाट मॅडम, ग्रंथपाल काका, तुमचे कसे आभार मानू. वडिलांना मॅडमचं सगळं वाचून दाखवलं. ट्यूबचं ऐकून म्हणाले, आपल्या चुलत्याला असंच बघितलं असतं तर. आमच्याकडं तेव्हा मांत्रिकाकडं नेलं होतं.

दोन गोष्टी राहिल्या. हाडांचा सेट घ्यावा का? दुकानात प्लॅस्टिकचा दाखवत होते. आणि त्या सीनियरच्या सेटमध्ये चौरसियाचा तिसरा खंड नाही, हरवला म्हणतो.

जालन्याची सिस्टर

मध्येच विचारते, माफ करा. मॅडम, माझी भाची एएनएमला आहे. तिच्यासाठी कोणतं पुस्तक चांगलं? क्लासचं गाइड सोडून काहीच वाचत नाही.

बालाघाट

सिस्टर, गाइडपेक्षा तिला सरकारी प्रशिक्षणाची पुस्तिका द्या, प्रसूती कुशलतेनं करण्याची, एसबीएची. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची आहे, पैसे लागत नाहीत. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, आणि इंजेक्शन २ ते ८ अंशात ठेवलेलं असायला हवं. अशी एकेक पायरी त्यात आहे. गाइडमध्ये व्याख्या पाठ होते, लेबर रूममध्ये हात कुठं ठेवायचा ते कळत नाही. तुमच्याजवळ बसवून एकेक पान करून घ्या. तुमच्याइतकं चांगलं तिला कोणी शिकवणार नाही.

भाऊ, चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

प्लॅस्टिकचा सेट घेऊ नका. डिपार्टमेंटमध्ये हाडं हाताळायला मिळतात आणि होस्टेलवर सीनियरकडून सेट खाली येतो, तो वर्षभरासाठी मागायचा. स्वस्तातल्या प्लॅस्टिकवर बारीक खुणा पुसट असतात. दंडाच्या हाडाच्या मागच्या बाजूनं अंगठा तिरका फिरवला की एक उथळ खाच लागते. रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट उचलणाऱ्या स्नायूंचा मज्जातंतू, तिथून जाते. ट्रॅक्टरवरून पडून दंड मोडलेला माणूस येतो आणि त्याचा पंजा मनगटातून लोंबतो, तो याच खाचेतली नर्व्ह दुखावल्यामुळं. ती खाच अंगठ्याला एकदा कळली की पाठ करावी लागत नाही.

तिसरा खंड सुटा मिळतो. डोकं आणि मान बहुतेक ठिकाणी उशिरा शिकवतात, आज नाही घेतला तरी अडत नाही. फक्त एक बघा. जुन्या आवृत्त्यांत मेंदू तिसऱ्याच खंडात आहे, नव्यात त्याचा चौथा खंड वेगळा केलाय. सीनियरकडं एकूण किती खंडांचा संच होता ते विचारा. चौथा असेल तर नवा तिसरा घ्या. नसेल तर जुन्या आवृत्तीचाच तिसरा शोधा, मेंदू त्यातच येईल. संभाजीनगरला औरंगपुऱ्यात पुस्तकांची दुकानं आहेत, कोणी जाणार असेल तर तिथं चौकशी करायला सांगा. नाही मिळाला तर मला मेसेज करा, माझा कपाटात आहे, अंबाजोगाईला पोचता करते.