मदत हवी आहे : प्रेस नसताना लिनोकट कसं शिकवता?

मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारात ओळखीच्यांच्या हॉलमध्ये मी मोठ्यांसाठी चित्रकला आणि छापचित्रांचे वर्ग घेते. पेंटिंगचं ठीक चाललंय. तीन मूळ रंग आणि पांढरा, एवढ्यावर लोक खूश असतात. गाडी अडते लिनोकटवर, म्हणजे लिनोलियमची शीट कटरने कोरून, शाई लावून तिचा कागदावर ठसा घेण्यावर.

ठसा दाबून घ्यायचं यंत्र, म्हणजे प्रेस नाही, म्हणून कागदाच्या पाठीवर स्टीलचा चमचा घासून ठसा घेतो. पण पाण्याची शाई इथल्या उन्हाळ्यात पंख्याखाली, रोलरने पसरतो त्या काचेवरच वाळते. पंखा बंद केला तर लोक वाळतात! रोलरचा आधी छान चिकट चरचर आवाज येतो, मग तो बंद होतो आणि ठशात मधेच पांढरे डाग. ग्लिसरीनचा थेंब टाकला की फरक पडतो. जरा जास्त झालं की ठसा वाळत नाही. तेलाच्या शाईला तोड नाही, पण हॉलमध्ये टर्पेंटाइनचा वास चालणार नाही. खाद्यतेल आणि साबणावर सगळी सफाई भागवणारं कुणी आहे का? रोलर टिकतात?

दुसरं, साठीपुढच्या काकूंना लिनो कापवत नाही. थोडा उन्हात ठेवला की मऊ पडतो, तरी कटर सटकायची धास्ती असतेच. खोडरबरासारखी मऊ शीट इथे सुटी कुठे मिळेल?

१९५० पासून फाइन आर्ट्स फॅकल्टी असलेलं, ज्योती भटांसारख्या छापचित्रकाराचं हे गाव. इथे कुणाला तरी माहीत असणारच. पुढची बॅच ऐन मे महिन्यात आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.