इंटार्सियाचा नमुना विकला, पण घेणाऱ्याचे तुकडे बसत नाहीत

पांगारा:
नमस्कार मंडळी. मी कुडाळची, शाळेत चित्रकला शिकवते. सावंतवाडीची लाकडी खेळणी बघत वाढले, त्यामुळे लाकडाची ओढ जुनीच. चार वर्षं इंटार्सिया करतेय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: निरनिराळ्या लाकडांचे तुकडे स्क्रोल सॉवर (बारीक पात्याच्या यंत्र-करवतीवर) कापायचे, प्रत्येकाला कानस आणि पॉलिशपेपरने गोलाई आणायची आणि ६ मिमी प्लायवर एकमेकांना खेटून चिकटवायचे. रंग लाकडाचाच, वरून काही लावायचा नाही.

आमच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, रोज सकाळी खंड्या येऊन बसतो. बरेच दिवस त्याची रेखाटनं केली, त्यातून ३४ तुकड्यांचा नमुना तयार झाला. पेन्सिलचं चित्र स्कॅन करून पीडीएफ केली आणि ऑनलाइन विकायला ठेवली. ११ प्रती गेल्या. शेवटची घेतली कॅनडातल्या एका आजोबांनी. परवा त्यांचा फोटो आला. डोकं, गळा, पोट सुरेख जुळलंय, पण पंखाच्या दोन्ही टोकांना तीन-साडेतीन मिमीची फट. पंख अक्रोडाचा, घासून घासून आरशासारखा केलेला. त्यांचा महिना गेलाय त्यात. मी लगेच पैसे परत केले, तरी जीवाला चैन नाही. माझा स्वतःचा खंड्या तर त्याच चित्रावरून कापलाय आणि चपखल बसलाय. मग चूक कुठे झाली?

आणखी एक. पाठ निळी दाखवायला लाकूड कुठलं सांगायचं? मी शिसम वापरलं. आणि २५० रुपये किंमत ठीक आहे का?

जुना_रंधा:
ताई, फट दोन्ही टोकांना सारखी आहे, म्हणजे कापणाऱ्याचा हात चुकलेला नाही. हात चुकला की एकाच बाजूला खड्डा पडतो. हा पंखच लहान छापला गेलाय.

आपला ए-फोर २१० बाय २९७ मिमी. कॅनडा-अमेरिकेत लेटर कागद चालतो, तो २१६ बाय २७९. प्रिंटरला ‘फिट टू पेज’ (कागदात मावेल असं छाप) असेल तर २९७ चे २७९ करताना चित्र सहा टक्के आक्रसतं. सगळा नमुना तसाच छापला तर काही बिघडत नाही, पक्षी थोडा लहान होतो इतकंच. पण इंटार्सियात एका प्रतीवर भागत नाही. प्रत्येक लाकडावर वेगळी प्रत कापून चिकटवावी लागते. त्यातली एक प्रत वेगळ्या सेटिंगवर निघाली की झालं. आजोबांना त्यांच्याकडच्या सगळ्या प्रतींवर पंखाची लांबी मोजायला सांगा.

यापुढे चित्र १९० बाय २५४ च्या आत ठेवा, दोन्ही कागदांवर मावतं. कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन काढा आणि शेजारी ठळक लिहा, ‘आधी हा मोजा, मग कापा’. स्कॅन विकू नका. पेन्सिलची रेघ एक मिमी जाड असते. कोणी आतून कापतो, कोणी बाहेरून. तुमची रेघ तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुमचा खंड्या बसला. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पाव मिमीची रेघ काढा, आणि शेजारच्या दोन तुकड्यांना मिळून एकच.

किंमत माझ्या मते कमी आहे. एट्सी या ऑनलाइन बाजारावर असाल तर यादीत टाकायचे २० सेंट, वर विक्रीवर साडेसहा टक्के. शिवाय पत्रं, शंका, दुरुस्त्या यांत वेळ जातो तो वेगळाच.

हळदू:
निळं लाकूड शोधत बसू नका, बाजारात मिळायचं नाही. नमुन्यावर लाकडाचं नाव लिहूच नका, छटा लिहा: गडद, मध्यम, फिकट, पांढरी. कॅनडात शिसम कुठून आणणार, आणि तुम्ही तरी अक्रोड कुठून आणणार? तिकडे सीडर, तसा आपल्याकडे साग, फणस, हळदू.

लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने ठेवायच्या ते दाखवणारा बाण मात्र प्रत्येक तुकड्यावर हवा. चोचीत रेषा लांबीच्या दिशेने गेल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर कानस लावताच टोक तुटतं. माझ्या धनेशाची चोच अशीच दोनदा मोडली, नमुन्यावर बाण नव्हता. पैसे देऊन घेतलेला नमुना होता तो, फार वाईट वाटलं.

पांगारा:
दादा, अगदी बरोबर! आजोबांचं उत्तर आलं. एका प्रतीवर पंख ११८ मिमी, दुसऱ्यावर १११. बाकीच्या प्रती घरी छापल्या होत्या, पंखाची कमी पडली ती लेकाच्या प्रिंटरवर काढली.

दोन रात्री बसून सगळ्या रेघा इंकस्केपमध्ये नव्याने काढल्या. चौकोन घातला, ३४ तुकड्यांवर बाण घातले, लाकडांची नावं काढून छटा लिहिल्या. आधीच्या दहाही जणांना नवी फाइल पाठवली. पंखाचं पान आजोबांना वेगळं पाठवलं. ते म्हणतात, बाकीचं अजून प्लायवर चिकटवलेलं नाही आणि अक्रोडाच्या त्याच फळीचा तुकडा शिल्लक आहे.