दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपसाठी पाणी कोण तापवतं?

जालन्याची लेक

परवा अनुग्रह यांनी इथे 'उगांडातले आमचे दोन आठवडे' लिहिलं. टेक्सासमधल्या त्यांच्या चर्चची टीम पूर्व उगांडातल्या तेसो भागातल्या एका खेड्यात गेली होती. सकाळी सहाला भक्ती, मग शाळेच्या भिंतींना रंग, दुपारी मुलांची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा), मध्ये दोन दिवस मेडिकल कॅम्प, रात्री सोलर दिव्याच्या उजेडात साक्षी. फोटो छान आहेत. पण 'यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी आहेत ही माणसं' हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना. तिथे चार ओळींत मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी नर्स आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे कंपालात राहते आणि तेसोतल्या सोरोटी शहराच्या बाजूला एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दवाखान्यात जाऊन-येऊन काम करते. अशा टीम मी यजमानांच्या अंगणातून बघितल्यात. सहाच्या भक्तीला तुम्ही आंघोळ करून येता ना? त्यासाठी मंडळीतल्या बायका चारला उठून चुली पेटवतात. पिवळा जेरीकॅन वीस लिटरचा, म्हणजे भरला की वीस किलो. पंधरा पाहुण्यांचं आंघोळीचं, पिण्याचं, भांड्यांचं पाणी बोअरवरून डोक्यावर येतं. ज्या घरात कोंबडी नाताळला कापतात, तिथे तुमच्या पानात रोज कोंबडी. पाळकसाहेबांच्या बायकोला पाहुणे गेल्यावर तापानं पडलेली मी स्वतः बघितलीय. तपासणी केली तर मलेरिया. अंगात ताप घेऊन ती आठवडाभर रांधत होती.

आणि टीम येतात कधी? जून-जुलैत, कारण अमेरिकेत तेव्हा सुट्टी. तेसोत नेमका तेव्हाच भुईमूग उपटायचा असतो, नाचणी काढायची असते. माणसं शेत सोडून तुमच्यासाठी गाणी म्हणतात. त्यांचा आनंद खोटा नाही, पाहुण्यांवर त्यांचा जीव असतोच. पण 'काहीच नाही' म्हणताना त्यांनी तुमच्यापुढे काय काय मांडलं ते दिसायला हवं होतं.

कॅम्पचं तर विचारू नका. ब्लड प्रेशर सापडलं की महिन्याच्या गोळ्या देता. दुसऱ्या महिन्याचं काय? त्या दोन दिवसांत सरकारी हेल्थ सेंटरची नर्स तुमची दुभाषी म्हणून कॅम्पात असते आणि तिकडे बाळाला टोचून घ्यायला आलेल्या आया हात हलवत परत जातात.

अनुग्रह

ताई, दुखलं. पण ज्या माणसांबरोबर मी गुडघे टेकून प्रार्थना केली, त्यांचा मी अपमान केला असं तुम्ही म्हणता, ते मान्य नाही.

माझा जन्म मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलातला. 1894 साली परदेशातून आलेल्या एका डॉक्टरने ते उभं केलं. 'तुम्ही कशाला येता' असं त्यांना कुणी म्हटलं असतं तर? आम्ही परत गेल्यावर आमच्या मंडळीनं तिथल्या मुलांच्या फीचा भार उचललाय. टीम गेली नसती तर टेक्सासमधल्या कुणाला त्या गावाचं नावही कळलं नसतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणसाचा हात खिशात जात नाही.

जालन्याची लेक

डॉ. वानलेस तीसहून अधिक वर्षं राहिले. मराठी शिकले, इथल्याच मुलांना डॉक्टरकी शिकवली. त्यांचं नाव दोन आठवड्यांच्या पाठीशी उभं करू नका.

आणि उदाहरणच हवं तर जामखेडचं घ्या. डॉक्टर आरोळे पतीपत्नींनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं आणि न शिकलेल्या, गावकुसाबाहेरच्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. उगांडातही गावोगाव सरकारच्या व्हिलेज हेल्थ टीमच्या बायका आहेत. मलेरियाची तपासणी करतात, औषध देतात. त्यांची किट रिकामी असते. तुमच्या कॅम्पच्या औषधांच्या खोक्यांतलं निम्मं जरी तिथल्या यादीप्रमाणे, तिथल्या दुकानातून घेऊन त्यांच्या हाती दिलं तरी वर्षभर उपयोगी पडेल.

सह्यकडा

मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. रंगकाम, कॅम्प, खेळणी हा सगळा धर्मांतराचा धंदा. आमच्या पालघर-डांगकडे हेच बघतोय. आफ्रिकेचं कौतुक नको.

नगरी

दादा, धागा वाचून मग लिहा. उगांडात पहिले अँग्लिकन मिशनरी 1877 ला पोचले, दोन वर्षांनी कॅथलिक. आज तिथे पाचांत चारांहून जास्त लोक ख्रिस्तीच आहेत. तेसोतल्या खेड्यात टेक्सासवाला जातो तेव्हा समोरचा बहुधा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा ख्रिस्ती असतो आणि त्याला बायबल पाहुण्यापेक्षा जास्त पाठ असतं. म्हणूनच मला प्रश्न पडतो, की सुवार्ता सांगायला नेमकं कुणाकडे जाताय? आमच्या नगरच्या मंडळीत परदेशी टीम आली की पाळक आपला संदेश बाजूला ठेवून त्यांच्यातल्या वीस वर्षांच्या पोराला व्यासपीठ देतात. आमचे म्हातारे वडील मंडळी मान डोलावत ऐकतात. ते बघून मला लाज वाटते.

सह्यकडा

आकड्याचं ठीक आहे, तेवढ्यापुरतं मान्य. बाकी मत कायम.

सोलापूरचा पंपवाला

फोटोत मागे जो हातपंप दिसतोय त्यावर कुणीच बोललं नाही. मी हातपंपांच्या कामात आयुष्य घातलं, पैकी काही वर्षं उगांडात. तिथे त्याला यू-टू म्हणतात. तो आपला इंडिया मार्क टू आहे. त्याचं मूळ सोलापूर आणि जालन्याच्या मिशनच्या वर्कशॉपात आहे. साठच्या दशकातल्या दुष्काळात बोअर मारले, पण ओतीव लोखंडाचे घरगुती पंप शेकडो माणसांच्या वापरानं मोडायला लागले, तेव्हा त्या लोकांनी वेल्डिंग करून दणकट पोलादी पंप बनवले.

फोटो नीट बघा. शेजारी शेजारी दोन बोअर आहेत. एकाचा दांडा काढलेला, दुसऱ्यावर संगमरवरी पाटी. जुना पंप कप वॉशर (पाणी वर ओढणारी आतली वाटीसारखी चकती) झिजल्यामुळे बंद पडला असणार. वॉशर किरकोळ किमतीचं. पण मार्क टूमध्ये ते बदलायला खालचे सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्याला अवजारं आणि शिकलेला मिस्त्री लागतो. मिस्त्री तालुक्याला, त्याला द्यायला पैसे नाहीत. मग देणगीदार येतो आणि शेजारी नवा बोअर मारतो. मिस्त्रीच्या प्रवासखर्चाला देणगी मिळत नाही, कारण त्यावर पाटी लावता येत नाही.

ठोकळा

इतिहास दुरुस्त करतो. मार्क टू मिशनचा नाही. सत्तरच्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि चेन्नईची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी तो घडवला. सगळं श्रेय चर्चला देऊ नका.

सोलापूरचा पंपवाला

घडवला कशावरून? सोलापूर पंप समोर ठेवूनच ना! चेन्नईला त्याचं प्रमाणीकरण झालं, लाखोंनी बनवायची सोय झाली, ते मोठं काम आहे आणि ते मी नाकारत नाही. पण पहिलं डोकं चाललं ते सोलापूरच्या मेकॅनिकचं. त्याचं नाव पाटीवर नाही म्हणून तुम्ही ते पुसू नका. माझ्या वडिलांनी त्या वर्कशॉपात हातोडा मारलाय.

ठोकळा

वडिलांबद्दल आदर आहे. पण 'आमचा पंप' म्हणून छाती फुगवताय तर हेही सांगा, की उगांडात बऱ्याच ठिकाणी याच पंपाचे जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजून पाणी तांबडं येतं. बायका तो बोअर सोडून पुन्हा झऱ्यावर जातात.

जालन्याची लेक

हे खरं आहे. त्या पाण्याचा चहा काळा होतो, पांढऱ्या गणवेशावर डाग पडतात. आमच्या दवाखान्याजवळ असाच एक बोअर आहे. पाणी चालू, पंप चालू, पण कुणी भरत नाही.

सोलापूरचा पंपवाला

दोष पाइपचा आहे, पंपाचा नाही. पाणी आम्लधर्मी असेल तिथे स्टेनलेसचे किंवा पीव्हीसीचे पाइप घालायला हवेत. पाणी न तपासता स्वस्तात बोअर मारून जाणारे कोण? पुन्हा तेच, घाईत आलेले पाहुणे. शिवाय पाणी समितीनं घरटी दरमहा थोडे पैसे गोळा केले तर दुरुस्तीचा खर्च निघतो.

मीनल_डीएसएम

गरिबाकडून पाण्याचे पैसे? पुण्यात बसून सांगणं सोपं आहे. मी टांझानियात, दार-एस-सलामला राहते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या गावात समितीच्या खजिनदारानं वर्षाची जमा घेऊन मोटरसायकल घेतली.

सोलापूरचा पंपवाला

पुण्यात नाही, सोलापुरात बसतो. आणि उगांडातल्या गावांत मुक्काम केलेत, हॉटेलात नाही. खजिनदार चोर निघाला तर खजिनदार बदला, हिशेब दर रविवारी चर्चसमोर वाचून दाखवा. पैसे गोळाच करायचे नाहीत म्हटलं तर पंप बंद पडायची तारीख ठरलेली आहे.

मीनल_डीएसएम

आवाज चढवू नका. हिशेब चर्चसमोर वाचायची सूचना चांगली आहे, एवढंच म्हणते.

अनुग्रह

धागा माझ्या लेखावर होता ना? पंपावर इतकं आणि माणसांवर काहीच नाही. आमच्या टीममधली एकोणीस वर्षांची मुलगी तिथून आल्यावर नर्सिंगला गेली. हे फळ नाही का?

नगरी

फळ आहे. पण ते टेक्सासला लागलं. ज्या गावानं पाणी तापवलं त्याच्या वाट्याला काय, हा ताईंचा प्रश्न आहे. आणि उत्साह पुरत नाही, हे उगांडातल्याच जिंजा शहरातल्या प्रकरणानं दाखवलं. वैद्यकीय पदवी नसलेल्या अमेरिकन तरुणीनं कुपोषित बालकांचं केंद्र चालवलं. बाळं गमावलेल्या दोन आयांनी 2019 मध्ये दावा लावला, 2020 मध्ये जबाबदारी न स्वीकारता तडजोड झाली. ती प्रार्थना मनापासूनच करत असणार.

अनुग्रह

त्या प्रकरणाशी आमची तुलना करणं अन्याय आहे. आमच्या कॅम्पात परवानाधारक डॉक्टर होते, जिल्हा आरोग्य कार्यालयाची परवानगी होती.

जालन्याची लेक

ते बरोबर आहे. परवानगी घेता हे चांगलं करता, कित्येक जण तेवढंही करत नाहीत. नगरीकाका, ती तुलना मलाही पटली नाही.

पण अनुग्रह, एक सांगा. शाळेला रंग द्यावा हे कुणी ठरवलं? त्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंशी माझं बोलणं होतं. त्यांना मुलींच्या संडासाला दरवाजा हवा होता. पाळी आली की मोठ्या मुली घरी राहतात. सोरोटीत सुतार आहेत, रंगारीही आहेत. तुमच्या एका माणसाच्या विमानाच्या तिकिटात दरवाजे बसून रंगही झाला असता आणि चार घरांत मजुरी गेली असती.

अनुग्रह

दरवाजाचं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

जालन्याची लेक

पाहुण्याला कोण सांगणार? तुम्ही रंगाचे डबे घेऊनच उतरलात. त्यावर 'दरवाजा हवा होता' म्हणायची तिथल्या बाईंची टाप नाही. पुढच्या वर्षी टीम आलीच नाही तर, ही भीती असते. म्हणून आधी विचारायचं, तेही पाळकांना एकट्यांना नाही, शाळेतल्या बाईंना आणि पाणी भरणाऱ्या बायकांना.

अनुग्रह

पुढच्या वर्षीची टीम ठरलेली आहे, ती रद्द होणार नाही. लोकांनी पैसे जमवलेत. पण पंधराऐवजी पाच जण नेता येतील का, हे मी कमिटीपुढे मांडेन. उरलेल्या पैशांतून दरवाजे, आणि पंपवाल्या काकांनी सांगितलं तर त्या जुन्या बोअरचे पाइप. तरीही माणसांनी जाऊच नये हे मला पटलेलं नाही.

जालन्याची लेक

जाऊच नये असं मी लिहिलेलं नाही. पाच जण या. जानेवारीत या, तेव्हा शेतात काम कमी असतं. आंघोळीचं पाणी स्वतः भरा. स्वयंपाकाच्या बायकांना रोजची मजुरी द्या, आणि ती पाळकांच्या हातात नको, त्यांच्याच हातात.

सोलापूरचा पंपवाला

पाइप घ्यायच्या आधी पाण्याचा पीएच तपासा. बोअरची खोली आणि मिस्त्रीचं नाव समितीकडून मागवा, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नवा बोअर मारू नका.

ठोकळा

आणि जमलं तर याच पंपाचा पुढचा प्रकार, मार्क थ्री बघा. त्यात वॉशरसाठी सगळे पाइप उपसावे लागत नाहीत.

सोलापूरचा पंपवाला

थ्रीचे जाड पाइप महाग पडतात आणि खोल बोअरला वजन पेलत नाही. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.